फोन एकट्याचा नको, चौघांचा हवा

२०२२ साली महाराष्ट्रातील दोन लहान गावांची नावे वर्तमानपत्रांत झळकली. पहिले सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव. रोज सायंकाळी सात वाजता भोंगा वाजवायचा, मग दीड तास घरोघरचे दूरचित्रवाणी संच आणि फोन बंद ठेवायचे व मुलांनी अभ्यासाला बसायचे, असे त्या गावाने त्या वर्षीच्या स्वातंत्र्यदिनापासून ठरवले. दुसरे गाव यवतमाळ जिल्ह्याच्या पुसद तालुक्यातील बांशी. तेथील ग्रामसभेने अठरा वर्षांखालील मुलांनी मोबाइल फोन वापरू नये असा ठरावच केला.

दोन्ही गावांची काळजी खरी आहे. मुले तासन्‌तास फोनला चिकटून बसतात, अभ्यास बुडतो, खेळ बुडतो, डोळे थकतात, झोप उडते. हे कोणीही नाकारणार नाही. तरीसुद्धा मला पहिल्या गावाचा निर्णय पटतो आणि दुसऱ्याचा पटत नाही. वेळेला बांध घालणे ही शिस्त झाली. वस्तूच काढून घेणे म्हणजे ती वापरायला शिकवण्याची जबाबदारी टाळणे होय. विळीने बोट कापते म्हणून स्वयंपाकघरातून विळी कोणी हद्दपार करत नाही. ती पायाखाली कशी धरावी आणि बोटे कोठे ठेवावीत, एवढे आई शिकवते.

मग फोन कसा धरावा? माझे उत्तर थोडक्यात असे : फोन एकट्याने वापरला तर बहुधा खेळणे होतो, चौघांनी मिळून वापरला तर साधन होतो. हे म्हणणे नुसते उपदेशाचे नाही. त्याला विज्ञानाचा आधार आहे, आणि तोच आपण पाहू.

हातातली प्रयोगशाळा

साध्यातला साधा स्मार्टफोन घ्या. त्यात ध्वनी टिपणारा मायक्रोफोन आहे, प्रकाश टिपणारा कॅमेरा आहे. फोन आडवा केला की चित्रही आडवे होते, ते प्रवेगमापकामुळे. वाळूच्या कणाएवढ्या सिलिकॉनच्या रचनेत एक अतिसूक्ष्म वजन अधांतरी टांगलेले असते; फोन हलला की ते सरकते आणि त्या सरकण्याचे विद्युत्‌संकेतात रूपांतर होते. पुष्कळ फोनांत होकायंत्राचे काम करणारा चुंबकत्वमापक असतो. शिवाय सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांचे संकेत पकडून आपली जागा ठरवणारा ग्राहकही असतो.

हा उपग्रह-ग्राहक इंटरनेटविना चालतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. नकाशा दाखवण्यास इंटरनेट लागते. अक्षांश-रेखांश कळण्यास नुसते मोकळे आकाश पुरते. मुदखेडच्या शाळेच्या मैदानावर फोन धरला तर रेखांश सुमारे ७७.५ अंश पूर्व दिसेल. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंशांवरून ठरते. फरक पाच अंशांचा. पृथ्वीला एक अंश फिरण्यास चार मिनिटे लागतात, म्हणून मुदखेडची स्थानिक वेळ प्रमाणवेळेच्या सुमारे वीस मिनिटे मागे असते. भूगोलाच्या पुस्तकातले हे गणित आपल्याच मैदानावर, आपल्याच आकड्यांनी करता येते. यात खर्च काय आला? काहीच नाही.

जर्मनीतील आखेन येथील तंत्रविद्यापीठाने २०१६ साली ‘फायफॉक्स’ नावाचे एक विनामूल्य ॲप प्रसिद्ध केले. फोनमधील सर्व संवेदकांचे आकडे ते समोर मांडते आणि त्यांचे आलेखही काढते. त्यातला एक प्रयोग मला फार आवडतो, कारण तो एका फोनने होतच नाही.

दोन फोन मोकळ्या मैदानावर बरोबर दहा मीटर अंतरावर ठेवा. दोहोंवर फायफॉक्समधील ‘अकूस्टिक स्टॉपवॉच’, म्हणजे आवाजाने सुरू होणारे व आवाजानेच थांबणारे घड्याळ, चालू करा. पहिल्या फोनजवळ उभ्या असलेल्या विद्यार्थ्याने जोरात टाळी वाजवावी. पहिले घड्याळ लगेच सुरू होईल. दुसरे, आवाज दहा मीटर चालून गेल्यावर. आता दुसऱ्या फोनजवळच्या विद्यार्थ्याने टाळी वाजवावी. दुसरे घड्याळ लगेच थांबेल, पहिले थोड्या उशिराने. म्हणजे पहिल्या घड्याळाची वेळ दुसऱ्यापेक्षा जास्त येईल, आणि तो फरक आवाजाला वीस मीटर जाण्यास लागलेला वेळ असेल. वीसला त्या फरकाने भागा. ध्वनीचा वेग मिळाला!

हिवाळ्याच्या सकाळी हवा १५ अंश सेल्सियस असेल तर हा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर यायला हवा. मराठवाड्यातल्या मे महिन्यात दुपारी पारा ४२ अंशांवर गेला की तो सुमारे ३५७ मीटर होतो. वेळेतील फरक पहिल्या वेळी ०.०५९ सेकंदाच्या आसपास, तर दुसऱ्या वेळी ०.०५६ च्या आसपास येईल. प्रयोग दहा वेळा करून सरासरी काढली तर हा बारीक फरकही हाती लागू शकतो. एक सूचना : घड्याळ किती मोठ्या आवाजाला जागे व्हावे हे आधी ठरवून ठेवा. नाहीतर मुदखेड स्टेशनात शिरणाऱ्या गाडीची शिट्टीच ते सुरू करील.

बिनतारी देवघेव

आता देवघेवीकडे वळू. समजा, तुमच्या वर्गात चाळीस विद्यार्थी आहेत. बालभारतीची पाठ्यपुस्तके तिच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात. एक पुस्तक २० मेगाबाइटचे धरू. चाळीस जणांनी ते आपापल्या इंटरनेटवरून घेतले तर ८०० मेगाबाइट खर्च होतील. तेच एकाने उतरवून इतरांना जवळच्या जवळ दिले तर खर्च फक्त २० मेगाबाइट. ज्या घरात रिचार्ज करण्यापूर्वी दोनदा विचार करावा लागतो, तेथे हा फरक लहान नाही.

जवळच्या जवळ देण्याचे दोन मार्ग प्रत्येक फोनमध्ये असतात : ब्ल्यूटूथ आणि वाय-फाय. दहाव्या शतकातील हॅराल्ड नावाच्या डॅनिश राजाच्या टोपणनावावरून ब्ल्यूटूथला ते नाव पडले. दोन्ही मार्ग २.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपासच्या रेडिओ लहरी वापरतात (वाय-फायला दुसरेही पट्टे आहेत). या लहरींची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे साधारण अर्ध्या वितीएवढी. आपल्या देशात हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांना परवान्याशिवाय खुला आहे. आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कोलकात्यात याहूनही आखूड, मिलिमीटरांत मोजाव्या लागणाऱ्या लहरी भिंतींपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखवली होती. खिशातला फोन हा त्या प्रयोगाचा दूरचा वंशजच म्हणायला हवा.

तुम्ही विचाराल, एकाच पट्ट्यात इतके फोन बोलू लागले तर गोंधळ कसा होत नाही? मुदखेडचे विद्यार्थी हे चटकन समजतील. या जंक्शनवर मनमाड, सिकंदराबाद आणि आदिलाबाद अशा तीन दिशांच्या गाड्या येतात. तरी त्या एकमेकींवर आदळत नाहीत, कारण कोणती गाडी केव्हा कोणत्या रुळावर असेल हे ठरलेले असते. ब्ल्यूटूथचेही तसेच. त्याने आपल्या पट्ट्याचे ७९ रूळ पाडले आहेत, आणि बोलणारे दोन फोन सेकंदाला १६०० वेळा रूळ बदलतात. कोणत्या क्षणी कोणता रूळ, याचे वेळापत्रक त्या दोघांनी आरंभीच ठरवलेले असते. दुसऱ्या जोडीचे वेळापत्रक वेगळे. क्वचित दोन जोड्या एका रुळावर आल्याच तर तेवढा तुकडा पुन्हा पाठवला जातो.

ब्ल्यूटूथ मात्र मंदगती आहे. सेकंदाला दोन मेगाबिटांचा वेग धरला तर २० मेगाबाइटच्या पुस्तकाला सुमारे ८० सेकंद लागतील. वाय-फायने तेच काम दोन-चार सेकंदांत होते. म्हणूनच अँड्रॉइड फोनांतील ‘क्विक शेअर’ किंवा आयफोनमधील ‘एअरड्रॉप’ दोन्ही मार्गांची कामे वाटून घेतात : शेजारी कोण आहे याची हाक ब्ल्यूटूथने द्यायची आणि ओझे वाय-फायने वाहायचे. यासाठी इंटरनेट लागत नाही, सिमकार्डही लागत नाही. पूर्वी याकरिता ‘शेअरइट’, ‘झेंडर’ अशी निराळी ॲप घ्यावी लागत. भारत सरकारने २९ जून २०२० रोजी ज्या ५९ ॲपवर बंदी घातली त्यांत ही दोन्ही होती. आता ती सोय फोनमध्येच असल्याने बाहेरचे ॲप शोधत बसण्याचे कारण उरलेले नाही.

येथे एक गंमतीचे गणित करू. ज्याच्याकडे पुस्तक आहे त्यानेच उरलेल्या ३९ जणांना ब्ल्यूटूथने ते एकामागून एक दिले, तर ३९ गुणिले ८० सेकंद म्हणजे ५२ मिनिटे लागतील. शाळेचा एक तास संपेल! पण ज्याला पुस्तक मिळाले त्याने लगेच दुसऱ्याला द्यायला सुरुवात केली तर? पहिल्या फेरीनंतर दोघांकडे, दुसरीनंतर चौघांकडे, मग आठ, सोळा, बत्तीस. सहाव्या फेरीत सगळा वर्ग पूर्ण. सहा गुणिले ८० म्हणजे ४८० सेकंद, केवळ आठ मिनिटे. यंत्र तेच, लहरी त्याच. बदलला तो फक्त घेणाऱ्याचा स्वभाव : घेऊन बसणारा आणि घेऊन देणारा.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडण्याचा मार्ग दाखवला. फोनचा कॅमेरा त्या चौकटीवर धरला की धड्याचे चित्र, ध्वनी वा कविता समोर येते. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यांनी पुरस्काराची अर्धी रक्कम अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. देवघेवीचा धडा असाही गिरवता येतो.

जेथे जिवाचा प्रश्न आहे

इथवर पुस्तकांची आणि प्रयोगांची गोष्ट झाली. पण मराठवाड्यात फोनच्या शहाणपणाचा संबंध थेट जिवाशी येतो. वळवाच्या पावसात आणि परतीच्या पावसात येथे विजा कोसळतात, आणि दरवर्षी शेतात काम करणारी माणसे, झाडाखाली आसरा घेणारे गुराखी आणि त्यांची जनावरे दगावतात.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ‘दामिनी’ नावाचे विनामूल्य ॲप तयार केले आहे. त्यामागचे तत्त्व तुम्हाला कळण्याजोगे आहे. वीज चमकते तेव्हा प्रकाशाबरोबर रेडिओ लहरीही निघतात. जुन्या रेडिओवर पावसाळ्यात खरखर येते ती यांचीच. देशभर बसवलेले संवेदक त्या टिपतात. लहर एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जाते. ती कोणत्या केंद्रावर आधी व कोणत्या केंद्रावर किती उशिरा पोहोचली, या फरकांवरून वीज कोठे पडली हे काढता येते. एका केंद्राला हे कधीच कळणार नाही. अनेक केंद्रांनी आपापल्या वेळा एकत्र केल्या तरच कळते. मग तुमच्या भोवतालच्या २० ते ४० किलोमीटरच्या परिसरात विजा असल्यास दामिनी सूचना देते.

पण सूचना येते ती ज्याच्या फोनमध्ये ॲप आहे आणि ज्याला रेंज आहे त्यालाच. मुदखेड तालुका फुलशेतीसाठी ओळखला जातो. पहाटेपासून फुले तोडणाऱ्या बायांच्या हातात फोन नसतो. सोयाबीनच्या काढणीला गेलेल्या मजुराचा फोन बांधावरच्या पिशवीत असतो. तेव्हा दामिनीची सूचना एकाच्या खिशात वाजली आणि तेथेच विरली, तर त्या सगळ्या शास्त्राचा उपयोग काय? वाचणाऱ्याने हाक दिली पाहिजे. देवळाच्या ध्वनिक्षेपकावरून सांगितले पाहिजे. शेवटचा पल्ला रेडिओ लहरींचा नसून माणसाच्या आवाजाचा असतो. हे काम नववी-दहावीतला विद्यार्थी उत्तम करू शकतो. त्याच्या हातून फोनच काढून घेणारा ठराव हा पहारेकरीही काढून घेतो, याचा विचार ग्रामसभांनी करावा, असे मला वाटते.

फोन नसला तरी एक मोजमाप प्रत्येकाला येते. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा आणि तिनाने भागा. वीज तितक्या किलोमीटरवर आहे. तीस सेकंदांच्या आत गडगडाट आला तर लगेच पक्क्या घरात जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. झाडाखाली थांबू नका. फोनमुळे वीज अंगावर येते हा मात्र गैरसमज आहे. धोका आहे तो भिंतीतल्या तारेला जोडून चार्ज होत असलेला फोन हाताळण्यात.

भूकंपाचीही गोष्ट अशीच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे झोपेतच गेली. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा धक्का बसला आणि तो नांदेडपर्यंत जाणवला. आज टेबलावर निश्चल पडलेला अँड्रॉइड फोन आपल्या प्रवेगमापकाने कंपने टिपून कळवू शकतो, आणि २०२३ पासून भारतातही अशी भूकंप-सूचना देण्याची सोय सुरू झाली आहे. एक फोन हलला तर टेबलाला कोणाचा तरी धक्का लागला असेल. एका तालुक्यातले शेकडो फोन एकाच वेळी हलले तर मात्र तो भूकंप! जोराची हानी करणाऱ्या लहरी सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या सुमारास चालतात, म्हणजे शंभर किलोमीटर जाण्यास त्यांना अर्ध्या मिनिटाजवळ वेळ लागतो. फोनचा संदेश त्याआधी पोहोचू शकतो. केंद्राजवळच्या लोकांना अशी सवड मिळत नाही हे खरे. पण दूरच्यांना मिळालेली काही सेकंदेही घराबाहेर पडण्यास किंवा पलंगाखाली शिरण्यास उपयोगी पडतात.

आक्षेप आणि उत्तरे

शिक्षक म्हणतील, “सगळ्यांकडे फोन आहेत कोठे?” हा आक्षेप रास्त आहे. २०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा अनेक घरांत एक फोन आणि शिकणारी मुले तीन, असे होते. तो एकही वडिलांबरोबर शेतात किंवा कामावर जाई. पण माझे म्हणणे प्रत्येकाला फोन द्या असे नाहीच. वर सांगितलेल्या ध्वनीच्या प्रयोगाला सबंध वर्गात दोन फोन पुरतात. त्यासाठी नवे फोनही नकोत. पडदा तडकलेला, कोपऱ्यात पडलेला जुना फोन सिमकार्डाशिवायही मोजतो, चित्रे काढतो, पुस्तके साठवतो आणि बिनतारी पाठवतो. प्रत्येक माध्यमिक शाळेने असे चार फोन पालकांकडून मागून घ्यावेत, त्यांतील सर्व खासगी माहिती पुसावी, आणि सूक्ष्मदर्शकाशेजारी प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवावेत. बॅटरी फुगलेला फोन तेवढा घेऊ नये; तो पेट घेऊ शकतो.

दुसरा आक्षेप धोक्याचा. बिनतारी दार उघडे ठेवले तर चोरही आत येतो. म्हणून काही नियम पाळावेत. देवघेव संपली की ब्ल्यूटूथ आणि क्विक शेअर बंद करावे; ते ‘सर्वांसाठी’ खुले ठेवू नये. अनोळखी फोनकडून आलेली फाइल स्वीकारू नये. लग्नपत्रिका, दंडाची नोटीस किंवा सरकारी योजना म्हणून आलेल्या संदेशात ‘एपीके’ फाइल असेल तर ती मुळीच उघडू नये. अशा फाइलींनी अनेकांची बँकखाती रिकामी केली आहेत. दुसऱ्याचे छायाचित्र त्याच्या संमतीवाचून पुढे पाठवू नये. आणि चोरीचा चित्रपट वाटणे ही देवघेव नव्हे.

तिसरा आक्षेप तुमच्यापैकीच कोणी घेईल : “मग खेळायचेच नाही का?” जरूर खेळा. मोहित्यांच्या वडगावानेही फोन कायमचा बंद केलेला नाही, दीड तासापुरता केला आहे. माझी मागणी याहून लहान आहे. आपल्या फोनमधील ॲप एकदा रांगेने तपासा आणि प्रत्येकाला तीन प्रश्न विचारा. हे काही मोजते का? हे काही शिकवते का? हे माझ्याशिवाय दुसऱ्या कोणाच्या उपयोगी पडते का? तिन्ही उत्तरे ‘नाही’ अशी आली तर त्या ॲपला दिवसाकाठी किती वेळ द्यायचा, हे तुमचे तुम्हीच ठरवा.

शिक्षकांना सुचवावेसे वाटते की येत्या विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीला, केवळ भाषणे ठेवू नयेत. दोन फोन, एक मोजपट्टी आणि मोकळे मैदान घेऊन वर्गाकडून ध्वनीचा वेग काढून घ्यावा आणि तापमानासह तो फळ्यावर लिहून ठेवावा. मे महिन्यात एखाद्या दुपारी, सावलीत उभे राहून, चार-पाच विद्यार्थ्यांनी तोच प्रयोग पुन्हा करावा. दोन्ही आकडे शेजारी शेजारी मांडले की वेग किती वाढला आणि का वाढला, हे कोणी सांगण्याची गरज पडणार नाही. आणि मृगाच्या आधी गावातील दहा घरांत दामिनी बसवून, सूचना आली की कोणी कोणाला हाक द्यायची, याची यादी शाळेच्या दारावर लावावी.